शेंगेनची द्राक्षे आणि युरोपचे कुंपण

‘शेंगेन मिळाले का?’ हा प्रश्न आज मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय घरांत सहज विचारला जातो. लेक फ्रँकफुर्टला नोकरीस असते, तिच्या बाळंतपणासाठी आईला जावयाचे असते आणि सारे घर पारपत्रावर चिकटविल्या जाणाऱ्या एका कागदाची वाट पाहत असते. शेंगेन हे मुळात एका गावाचे नाव आहे, लक्झेंबर्गच्या दक्षिण टोकास मोझेल नदीच्या काठी वसलेल्या आणि द्राक्षमळ्यांवर जगणाऱ्या लहानशा गावाचे, हे त्या घरातील फारच थोड्यांस ठाऊक असते. ज्या गावाने सीमा पुसण्यासाठी आपले नाव दिले, तेच नाव आज जगातील बहुसंख्य माणसांना बंद दरवाज्यावरील पाटीप्रमाणे वाचावे लागते. हा काव्यगत न्याय नव्हे. यामागे अर्थकारण आहे आणि ते उलगडून पाहिले पाहिजे.

या प्रश्नावर सध्या दोन सूर ऐकू येतात. एक सूर उत्सवाचा आहे: शेंगेन म्हणजे माणुसकीचा विजय, राष्ट्रवादाचा पराभव. दुसरा सूर अलीकडे चढा होत चालला आहे: खुल्या सीमांनी युरोपातील कामगाराचा घात केला, तेव्हा नाके पुन्हा उभे करा. हा दुसरा सूर कामगारांचे हित सांगणाऱ्या काही मित्रांच्याही तोंडी येऊ लागल्यामुळे त्याची दखल घेणे भाग आहे. माझ्या मते दोन्ही सूर खोटे आहेत आणि त्यांचा खोटेपणा शेंगेन गावाच्या इतिहास-भूगोलातूनच सिद्ध होतो.

गावाची जागा प्रथम लक्षात घ्यावी. मोझेल फ्रान्समधील व्होज पर्वतात उगम पावते व जर्मनीत कोब्लेंझ येथे ऱ्हाइनला मिळते. मधल्या टप्प्यात सुमारे ४० किलोमीटर ती लक्झेंबर्ग आणि जर्मनी यांची सीमा होऊन वाहते. या टप्प्याच्या आरंभी डाव्या तीरावर शेंगेन आहे. समोरच्या तीरावर जर्मनीचे पेर्ल आणि त्याला लागूनच फ्रान्सचे आपाश. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने ही सीमा आखली. परंतु १८१६ च्या करारान्वये नदीचे पात्र मात्र दोन्ही बाजूंचे सामाईक ठरले व ते आजही तसेच आहे. जमीन वाटली गेली, पाणी सामाईक राहिले. येथील उतार रुंद आणि सौम्य आहेत, माती चुनखडीमिश्रित चिकण आहे. रीसलिंग, ओसेरवा, पिनो ग्री, रिव्हानर आणि जुनी एल्बलिंग या जातींच्या द्राक्षांपासून येथे मुख्यतः पांढरी वाइन होते.

आता या वाइनचा आर्थिक इतिहास पाहा. १८४२ साली लक्झेंबर्ग जर्मन जकात-संघात सामील झाले. त्यामुळे मोझेलकाठच्या मळेवाल्याला मोठी बाजारपेठ मिळाली. पण ती कच्चा माल पुरविणाऱ्याची होती. त्याची हलकी, आंबट एल्बलिंग जर्मन व्यापारी मिश्रणासाठी व फेसाळ मद्यासाठी उचलत. नफा आणि नाव दोन्ही तिकडे राहत. पहिले महायुद्ध संपताच लक्झेंबर्ग या संघातून बाहेर पडले आणि एका लेखणीच्या फटकाऱ्यासरशी ती बाजारपेठ नाहीशी झाली. १९२१ मध्ये बेल्जमशी आर्थिक संघाचा करार झाला. मळेवाल्याने मग काय केले? त्याने एल्बलिंगचे वेल उपटून चांगल्या जाती लावल्या. १९२१ मध्येच ग्रेवेनमाखर येथे सहकारी मद्यशाळा निघाली व पुढील काळात नदीकाठच्या गावोगावी तशाच सहकारी संस्था उभ्या राहिल्या. १९२५ मध्ये रेमिश येथे सरकारी द्राक्ष-मद्य संशोधन केंद्र स्थापन झाले. १९३५ मध्ये गुणवत्तेची राष्ट्रीय मोहोर सुरू झाली. जकात-संघ व्यापार निर्माण करतो तसा तो वळवितोही, हे जेकब व्हायनरने १९५० साली मांडलेले सूत्र मी वर्षानुवर्षे फळ्यावर आकृत्या काढून शिकविले. शेंगेनच्या शेतकऱ्याने ते त्याच्या तीस वर्षे आधी सोसले होते. सीमा उघडली तेव्हा त्याला कोणी विचारले नव्हते, मिटली तेव्हाही नाही. दोन्ही वेळा त्याला तारले ते त्याच्या कष्टांनी आणि सहकाराने.

सीमा पुसली गेली की माणूस मुक्त होतो, हा उत्सवी सुराचा सिद्धान्तही येथे टिकत नाही. आपाशमधील एखाद्या दीर्घायुषी माणसाने घर न सोडता चार वेळा राज्य बदललेले पाहिले असते: १८७१ मध्ये जर्मनी, १९१८ मध्ये फ्रान्स, १९४० मध्ये पुन्हा जर्मनी आणि युद्धाअखेर पुन्हा फ्रान्स. १० मे १९४० रोजी हिटलरच्या फौजा लक्झेंबर्गमध्ये शिरल्या, तेव्हा मोझेलवरील सीमाही पुसलीच गेली होती! ऑगस्ट १९४२ मध्ये लक्झेंबर्ग जर्मनीस जोडून घेऊन तरुणांवर सक्तीची सैन्यभरती लादण्यात आली. त्याविरुद्ध ३१ ऑगस्ट १९४२ पासून कामगारांनी सार्वत्रिक संप केला आणि २१ संपकऱ्यांना प्राणदंड झाला. तेव्हा सीमा आहे की नाही, हा प्रश्नच अपुरा आहे. ती कोण पुसतो आणि कोणासाठी पुसतो, हा खरा प्रश्न आहे.

युद्धानंतर ती प्रथम कोणासाठी पुसली गेली? कोळशासाठी. १९५१ च्या पॅरिस करारानंतर १९५३ मध्ये कोळसा, लोखंड व पोलाद यांची सामाईक बाजारपेठ खुली झाली. १९५६ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी व लक्झेंबर्ग यांनी करार करून मोझेलचे पात्र खोल करावयास घेतले आणि १९६४ पासून लोरेनच्या पोलाद कारखान्यांसाठी मोठे तराफे शेंगेनच्या घरांसमोरून जाऊ लागले. माणसाला मात्र पुलावर कागद दाखवावे लागतच होते.

माणसाच्या वाहतुकीचा प्रश्न ऐरणीवर आणला तो रस्त्यावरच्या माणसांनी. फेब्रुवारी १९८४ मध्ये इटलीच्या जकात कर्मचाऱ्यांच्या आंदोलनामुळे आल्प्समधील नाक्यांवर मालमोटारी कडाक्याच्या थंडीत खोळंबल्या आणि फ्रान्समधील चालकांनी रस्ते अडविले. आपल्याकडे जकात नाक्यावर रात्र काढलेल्या चालकाला ही तडफड समजावून सांगावी लागणार नाही. त्यांत स्वतःच्या मोटारीचे मालकही होते, हे खरे. पण दडपण आले ते खालून. त्याच वर्षी जुलैत फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांनी सारब्रुकेन येथे नाके शिथिल करण्याचा करार केला. १४ जून १९८५ रोजी शेंगेनजवळ ‘प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड’ या प्रवासी बोटीवर पाच देशांनी मूळ करारावर सह्या केल्या. तेव्हा युरोपीय समुदायात दहा देश होते. निम्मे आले, निम्मे आले नाहीत. मोठे नेते फिरकलेही नाहीत, दुय्यम दर्जाच्या मंत्र्यांनी काम उरकले. इतके ते उपेक्षित होते.

परंतु या करारासोबत आलेले दुसरे पान उत्सवात वाचले जात नाही. १९ जून १९९० च्या अंमलबजावणी करारात आतील नाके उठविण्याची किंमत म्हणून बाहेरील कुंपण उंच करण्यात आले. कागदपत्रे अपुरी असलेला प्रवासी आणणाऱ्या विमान कंपनीस दंड करण्याची तरतूद झाली. म्हणजे युरोपची सीमा मुंबईच्या विमानतळावरील कारकुनाच्या टेबलापर्यंत आली! २६ मार्च १९९५ पासून प्रत्यक्ष अंमल सुरू झाला. आज या क्षेत्रात २९ देश आहेत. बाह्य सीमांच्या रक्षणासाठी २००५ पासून काम करणाऱ्या फ्रॉन्टेक्स या यंत्रणेचा वार्षिक खर्च तेव्हा सुमारे ६० लाख युरो होता, तो २०२४ मध्ये ९० कोटी युरोंच्या वर गेला. २०१४ पासून भूमध्य समुद्रात मेलेल्या वा बेपत्ता झालेल्या माणसांची नोंदलेली संख्या ३०,००० च्या वर आहे. २०२४ मध्ये भारतातून या प्रवेशपत्रासाठी ११ लाखांवर अर्ज झाले व दीड लाखांहून अधिक नाकारले गेले. अर्जाचे ९० युरो शुल्क नकारानंतर परत मिळत नाही. बुडणाऱ्याच्या यातनांशी आपल्या मध्यमवर्गाच्या मनस्तापाची तुलना करू नये. पण कुंपण एकच आहे, हे ओळखावे.

येथे एका जुन्या पाहुण्याची आठवण होते. १८७१ मध्ये पॅरिस कम्यून चिरडली गेल्यावर ब्रसेल्समध्ये राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगोने परागंदा कम्यूनवाद्यांना आपल्या घराचे दार उघडे असल्याचे जाहीर केले. बेल्जमच्या सरकारने त्यालाच हद्दपार केले. तो लक्झेंबर्गला आला आणि त्याच वर्षी शेंगेनला जाऊन तेथील गढीच्या जुन्या बुरुजाचे चित्र त्याने काढले. आश्रय देऊ केल्याबद्दल घालवून दिलेला माणूस ज्या गावात विसावला, त्या गावाच्या नावाने आज आश्रयार्थी अडविले जातात!

आणि कुंपणाच्या आत तरी समता आहे काय? शेंगेनमध्ये पेट्रोल पंपांची रांग आहे. गावाला इतक्या पेट्रोलची गरज नाही. लक्झेंबर्गमधील कर कमी म्हणून शेजारी देशांतील मोटारी तेथे येतात. नाका गेला, करांतील तफावत राहिली आणि त्या तफावतीवर धंदा उभा राहिला. पावणेसात लाखांच्या आसपास वस्तीच्या या देशात दोन लाखांहून अधिक माणसे रोज सीमा ओलांडून कामास येतात. नोकरदारांपैकी ती जवळजवळ निम्मी आहेत. लक्झेंबर्गमधील घरभाडे न परवडणारा कामगार लोरेनमध्ये राहतो, श्रम इकडे करतो. मळ्यांतील द्राक्षतोडणीलाही पोलंडसारख्या पूर्वेकडील देशांतून हंगामी मजूर येतात. मार्च २०२० मध्ये साथीचे निमित्त होताच जर्मनीने एका दिवसात सीमेवर पोलीस उभे केले, तेव्हा ज्या परिचारिकांवाचून लक्झेंबर्गची रुग्णालये चालली नसती, त्यांनाही कामाचा दाखला दाखवून पूल ओलांडावा लागला. शेंगेनने त्या वेळी युरोपचा ध्वज अर्ध्यावर उतरविला. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या साऱ्या भूसीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली व पुढे तिची मुदत वाढविली. जून २०२५ मध्ये कराराच्या चाळिसाव्या वर्षी ती जुनी बोट समारंभाने शेंगेनच्या धक्क्यावर परत आणली गेली, तेव्हा समोरच्या तीरावर तपासणी चालूच होती.

आता दुसऱ्या सुराकडे वळू. नाके उभे केले तर मजुरी वाढेल, असे म्हणणाऱ्यांनी सांगावे की १९८५ पूर्वी नाके असताना मजुरी काय नाक्यांनी वाढविली होती? ती संघटनेने वाढविली. बाहेरून आलेल्या मजुरास कमी दर देऊन स्थानिकाचा दर पाडला जातो, हे खरे आहे. पण तो दर परका मजूर पाडीत नाही, मालक पाडतो. कागद नसलेला मजूर तर मालकास अधिकच सोयीचा, कारण तो तक्रार करू शकत नाही. म्हणजे कुंपण जितके उंच, तितके आतील श्रम स्वस्त! यावरील उपाय युरोपातील कामगार चळवळीने शोधलेला आहे. दुसऱ्या देशात कामावर पाठविलेल्या मजुरांसंबंधीचा १९९६ चा निर्देश मालकांना पळवाटा ठेवीत होता. दीर्घ झगड्यानंतर २०१८ मध्ये तो सुधारला गेला आणि एकाच ठिकाणच्या समान कामास समान वेतन हे तत्त्व त्यात आले. ते अपुरे आहे, त्याची अंमलबजावणी ढिली आहे. पण दिशा तीच आहे. श्रमिकाला अडवू नका, त्याचा दर पाडणाऱ्याला अडवा.

म्हणून समाजवाद्यांनी शेंगेनचा उत्सवही करू नये आणि त्याच्या मोडतोडीत टाळ्याही वाजवू नयेत. सह्या झाल्या त्या पाण्याला अद्याप सामाईक मालकी आहे. कोळशाला जे १९५३ मध्ये मिळाले, ते माणसाला, मग तो पेर्लचा असो, ट्युनिसचा असो वा पुण्याचा असो, समान वेतनाच्या हमीसह मिळाले पाहिजे, ही आपली मागणी असावयास हवी. तोपर्यंत शेंगेनच्या मळ्यांत दर शरदात द्राक्षे पिकतील, ती तोडावयास परके हात येतील, आणि ते हात काम संपताच मुकाट्याने परत जावेत अशीच व्यवस्था राहील.