रसिकांची गुणपत्रिका

गाणे ऐकणे आणि गाण्याची परीक्षा घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मुद्दाम सांगण्याची वेळ यावी, हीच मुळी खेदाची गोष्ट होय. परंतु ती वेळ आली आहे खरी. आपल्या सुशिक्षित समाजात संगीतप्रेमी मंडळींचा एक नवाच परिपाठ पडू लागला आहे. पाचसात स्नेही एकत्र जमतात, एखादी जुनी नामांकित ध्वनिमुद्रिका आरंभापासून अखेरपर्यंत लावतात आणि ती संपते न संपते तोच प्रत्येक जण दहांपैकी आपापले गुण जाहीर करतो. मग गुणांची बेरीज होते, सरासरी निघते आणि 'सर्वश्रेष्ठ' मुद्रिकांच्या यादीत त्या बिचारीला तेरावे किंवा एकविसावे आसन मिळते. या मंडळींच्या उत्साहाविषयी आम्हास आदर आहे. त्यांच्या आकड्यांविषयी मात्र मुळीच नाही.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. एकत्र बसून ऐकणे हे निंद्य तर नाहीच, उलट आजच्या काळात ते एक व्रतच म्हटले पाहिजे. ज्याच्या त्याच्या कानाला ज्याचे त्याचे यंत्र लागल्यामुळे एका घरातली चार माणसे चार गाणी ऐकतात आणि जेवताना कोणाजवळ कोणाशी बोलण्यासारखे काही उरत नाही. अशा वेळी पाच माणसांनी तासभर मुकाट्याने एकच सूर ऐकावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका-संग्राहकांच्या संस्थेने जुन्या तबकड्यांच्या ज्या श्रवणसभा भरविल्या, त्यांमुळे विस्मृतीत गेलेले कितीतरी आवाज पुन्हा लोकांच्या कानी पडले. तेव्हा आमचा वाद बैठकीशी नाही. बैठकीच्या शेवटी जी गुणपत्रिका बाहेर निघते, तिच्याशी आहे.

ही गुणपत्रिका निघते तरी का? मैफलीत गवई अवघड वळणे घेत समेवर येतो आणि श्रोत्याची मान आपोआप डोलते, तोंडून उद्गार निघतो. ती दाद त्या क्षणाची असते आणि त्या एका जागेची असते. शिवाय ती गवयापर्यंत पोहोचते. तिने तो फुलतो आणि तीच जागा पुन्हा निराळ्या अंगाने घेऊन दाखवितो. म्हणजे श्रोत्याचा अभिप्राय हा तेथे गाण्याचाच एक भाग होऊन जातो. तबकडीला कान नाहीत. आपण कितीही मान डोलविली तरी तिच्यावरचा गवई पुढची तान बदलणार नाही. अशा रीतीने दादेला ठिकाणच न उरल्यामुळे ती श्रोत्याच्या मनात कोंडून राहते आणि शेवटी आकड्याच्या रूपाने बाहेर पडते. ही अडचण खरी आहे, आम्ही ती नाकारीत नाही. परंतु अडचण खरी असली म्हणून तिच्यावरचा उपाय योग्य ठरत नाही. दाद ही जागेला असते आणि गुण हे सबंध वस्तूला असतात. दाद देणारा गाण्याच्या आत असतो आणि गुण देणारा दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेला असतो. रसिकाने परीक्षकाची जागा घेतली की त्याला पहिली गोष्ट गमवावी लागते ती ही की, ऐकतानाच त्याचे अर्धे चित्त निकालाकडे लागते.

आता हे गुण कशाचे, ते पाहू. १९०२ साली गायसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि गौहरजान बाईंचे गाणे त्याने तबकडीवर उतरविले, तेव्हापासून पुढे जवळजवळ अर्धे शतक आपल्या गवयांना एका बाजूस तीनसाडेतीन मिनिटांतच आपले म्हणणे आटोपावे लागले. जो ख्याल एरवी तासभर चालावयाचा, त्याचा अर्क काढून तो त्या इवल्या अवकाशात बसवावा लागे. १९४८ साली अमेरिकेत दीर्घ मुद्रिका निघाली आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक अवकाश मिळू लागला. आता अब्दुल करीम खाँसाहेबांची तीन मिनिटांची झिंझोटीची ठुमरी आणि पुढल्या पिढीतील एखाद्या गवयाची चाळीस मिनिटांची दीर्घ मुद्रिका या दोहोंना 'दहांपैकी' या एकाच तागडीत कसे घालावयाचे? अत्तराची कुपी आणि पाण्याचा रांजण यांपैकी कशात अधिक मावते असे विचारण्यासारखेच ते आहे. प्रश्नाचे उत्तर देता येते, पण उत्तराने कळत काहीच नाही.

आणि जे तबकडीवर आलेच नाहीत त्यांचे काय? अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत आणि भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत आपल्यात होते. दोघांचीही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. महाराष्ट्राच्या गायकीवर या दोघांचे केवढे ऋण आहे, हे जाणकारांस सांगावयास नको. पण श्रेष्ठ मुद्रिकांची कोणतीही यादी घ्या, तीत त्यांना जागा नाही. यादी त्यांच्याविषयी वाईट बोलत नाही, ती गप्प बसते. आणि वाचणाऱ्या तरुणाला मात्र वाटते की, जे यादीत नाही ते झालेच नाही.

बरे, आकडा निदान टिकाऊ तरी आहे काय? अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' या प्रसिद्ध पत्राने २००३ साली सर्वकालीन पाचशे श्रेष्ठ अल्बमांची यादी छापली, तीत 'बीटल्स' मंडळींचा 'सार्जंट पेपर' हा अल्बम पहिला होता. त्याच पत्राने २०२० साली नव्याने मते घेतली, तेव्हा तोच अल्बम चोविसावा झाला आणि मार्विन गे याच्या एका अल्बमाने पहिले आसन घेतले. सतरा वर्षांत त्या तबकडीची एक रेघही बदलली नव्हती. बदलली ती मते देणारी माणसे आणि त्यांचा काळ. यावर कोणी म्हणेल की, अभिरुची बदलते, त्यात नवल ते काय? नवल काहीच नाही. आमचेही म्हणणे इतकेच की, आकडा गाण्याविषयी काही सांगत नसून गुण देणाऱ्यांविषयी सांगतो; तेव्हा त्याला गाण्याचे मोल म्हणून मिरवू नये.

सरासरीचा प्रकार तर याहूनही चमत्कारिक आहे. चार मित्रांपैकी दोघांनी एका मुद्रिकेस दहा गुण दिले आणि दोघांनी तीन दिले, तर सरासरी साडेसहा येते. साडेसहा हे मत त्या खोलीत कोणाचेच नव्हते! दोघे भारावले होते, दोघे कंटाळले होते. ज्याच्यावर रात्रभर वाद घालावा असा तो मतभेद होता. सरासरीने तो वाद मिटविला, म्हणजे बैठकीतील एकमेव जिवंत गोष्ट मारून टाकली.

मुद्रिकेतील प्रत्येक गाण्याला निरनिराळे गुण देऊन त्यांची बेरीज करणे हा या मंडळींचा दुसरा आवडता खेळ आहे. जुन्या काळी छायाचित्रांच्या वहीसारखी कप्प्याकप्प्यांची एक वही असे आणि तीत एका संचातील तबकड्या ठेवीत. 'अल्बम' हे नाव तेथून आले. ती वही बांधलेली असे, कारण आतल्या तबकड्यांचा परस्परांशी संबंध असे. आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे १९१९ साली जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी रचलेले आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेले 'गीतरामायण' घ्या. १९५५ च्या १ एप्रिलपासून पुणे आकाशवाणीने ते आठवड्याला एक याप्रमाणे ऐकविले आणि छप्पन्न गीतांत ती कथा पुरी झाली. त्यांतील काही गीते शिखरासारखी आहेत, तर काही एका शिखरावरून दुसऱ्याकडे नेणाऱ्या पायवाटा आहेत. पायवाटेला सहा गुण आणि शिखराला नऊ, असा हिशेब मांडला की पायवाट गाळावी असे वाटू लागते. आणि पायवाट गाळली की शिखरावर पोहोचावयाचे कसे, हे गुण देणाऱ्याने सांगावे. त्या काळी लोक रेडिओला हार घालून ते ऐकत, अशा आठवणी जुनी माणसे सांगतात. त्या श्रोत्यांना या आठवड्याचे गीत मागल्याहून सरस की नीरस, एवढाच प्रश्न पडला असता, तर पुढल्या आठवड्याची ओढ वर्षभर टिकली नसती.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. कारण ते अगदीच पोकळ नाही. पहिले म्हणणे असे की, गुण देण्याची सोय नसेल तर अंधश्रद्धा माजेल आणि थोरामोठ्यांच्या नावापुढे नुसत्या माना डोलतील. हे भय रास्त आहे. पण अंधश्रद्धेवर औषध स्पष्ट बोलणे हे आहे. 'अमुक अंतऱ्यात आवाज थकलेला वाटतो', 'येथे वाद्यवृंदाने शब्द बुडविले' असे धीटपणे सांगणाऱ्या माणसाला आकड्याची गरज नसते. आणि नुसता 'सहा' म्हणणाऱ्याला कारण देण्याची गरज उरत नाही. आकडा हा धीटपणाचा वेष घेतलेला आळस आहे.

दुसरे म्हणणे असे की, मुद्रिका असंख्य, आयुष्य थोडके. तेव्हा निवड ही करावीच लागते. मान्य. १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळात पाठविलेल्या तबकडीवर सुमारे नव्वद मिनिटांत सत्तावीस संगीतखंड बसवावे लागले, आणि त्यांत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी गेली. निवड करणाऱ्यांनी पुष्कळ चर्चा केली आणि पुष्कळ टाकून दिले. परंतु केसरबाईंना आठ गुण आणि बाखला साडेआठ, असे काही त्या तबकडीवर कोरलेले नाही. निवडणे म्हणजे 'हे अवश्य ऐका' असे म्हणणे. क्रम लावणे म्हणजे 'हे त्याहून कमी' असे म्हणणे. पहिल्याने दार उघडते, दुसऱ्याने लागते.

तिसरे म्हणणे, ही तर निव्वळ करमणूक आहे. रेडिओ सिलोनवर १९५२ साली 'बिनाका गीतमाला' सुरू झाली; अमीन सायानींच्या आवाजातील 'पायदानां'वर सारा देश लोंबकळला आणि गावोगावच्या श्रोता संघांनी आपली मते कळविली. त्यात काय वाईट झाले? काहीच नाही, कारण ती माला लोकप्रियतेची होती आणि तसे ती उघड सांगत असे. तबकड्यांचा खप आणि श्रोत्यांची पसंती मोजता येते, ती मोजली. आमचा आक्षेप मोजण्याला नाही. जे मोजता येत नाही ते मोजल्याचा आव आणण्याला आहे.

या प्रश्नात पुण्यामुंबईपेक्षा आटपाडीसारख्या गावाचे हित अधिक गुंतलेले आहे, असे आम्हास वाटते. मोठ्या शहरात यादी चुकली तरी मैफली आहेत, कान दुरुस्त करून घेता येतात. माणदेशातील गावाला मात्र बहुधा ध्वनिमुद्रिका हीच मैफल. तेथल्या चार मित्रांनी परक्यांच्या यादीतील पहिल्या दहा मुद्रिका ऐकून त्यांना परक्यांचेच गुण पुन्हा द्यावेत, यात त्यांनी ऐकले असे काय? याच मुलुखात औंध संस्थानाने १९३९ साली स्वतंत्रपूरची कैद्यांची मुक्त वसाहत वसविली. तिच्यावरून स्फुरलेली कथा माडगूळकरांनी लिहिली, तिचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट शांतारामबापूंनी १९५७ साली काढला आणि वसंत देसाई यांनी त्यास संगीत दिले. त्यातील प्रार्थना ऐकताना आटपाडीच्या माणसाला जी माती दिसेल, ती जगातील कोणत्याही गुणदात्याला दिसणार नाही. ते त्याचे स्वतःचे ऐकणे आहे, आणि 'साडेसात' या शब्दात ते मावणार नाही.

याच तालुक्यात खरसुंडीच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो. तेथे बैलाचे दात पाहतात, खांदा पाहतात, चाल पाहतात आणि मग किंमत ठरते. ते योग्यच आहे, कारण बैलाकडून कोणते काम घ्यावयाचे ते घेणाऱ्याला ठाऊक असते. गाण्याकडून कोणते काम घ्यावयाचे? गदगच्या भीमसेन नावाच्या मुलाने लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि १९३३ साली तो गुरूच्या शोधार्थ घर सोडून निघाला. त्या तबकडीला त्या दिवशी किती गुण पडले, असे विचारण्याचा धीर कोणास होईल काय?

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. बैठक भरवा, अवश्य भरवा. मुद्रिका सबंध ऐका आणि मध्ये बोलू नका. संपल्यावर प्रत्येकाने आकडा न सांगता एक जागा सांगावी: जेथे त्याचा श्वास अडखळला ती, किंवा जेथे त्याचे मन उडाले ती. मग सुई उचलून त्या जागेवर पुन्हा ठेवावी आणि सर्वांनी ती ऐकावी. ज्याला ती रुचली नाही त्याने कारण द्यावे; ज्याला रुचली त्याने राखण करावी. तबकडीला दाद पोहोचत नाही हे खरे, पण शेजाऱ्याला पोहोचते. आणि मैफलीतून गवई उठून गेल्यावर श्रोत्यांनी एकमेकांचे कान तयार करावेत, याहून चांगला उपयोग त्या यंत्राचा आम्हास तरी दिसत नाही. अशा चार बैठकींनंतर कोणी गुणपत्रिका मागितलीच, तर ती खुशाल काढा. मात्र तीवर मुद्रिकेचे नाव न घालता ऐकणाऱ्याचे घाला, आणि आपण स्वतः किती गुणांनी उत्तीर्ण झालो ते पाहा.