यंत्र वर्गात आले, शिक्षकाचे काय?

सराव पाठासाठी शाळेत निघालेल्या छात्राध्यापकाच्या हाती पाठटाचण आणि काखेत गुंडाळलेला तक्ता, हे चित्र महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांच्या परिचयाचे आहे. आज त्या तक्त्याची जागा बहुतांशी लॅपटॉपने व भ्रमणध्वनीने घेतली आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 2020 साली तंत्रज्ञानाच्या वापरास विशेष महत्त्व दिले. 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पदवी असावी, असेही त्याच धोरणात म्हटले आहे. यास्तव उद्याच्या शिक्षकाला यंत्र वापरावे की न वापरावे असा पर्याय फारसा उरलेला नाही. ते केव्हा, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने वापरावे, हे ठरविण्याची पात्रता त्याच्या अंगी येणार की नाही, हा खरा प्रश्न आहे.

यंत्रामुळे शिक्षणाचा कायापालट होईल ही आशा नवी नाही. चलत्‌चित्रपटामुळे शाळांतील पुस्तके लवकरच कालबाह्य ठरतील, असे भाकीत एडिसन याने 1913 मध्ये केले होते. भारतात 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. वर्ष संपले, उपग्रह परत गेला आणि प्रयोगही थांबला. पुढे 1984 साली निवडक माध्यमिक शाळांत संगणक देण्याची योजना आली. प्रत्येक वेळी आधी यंत्र आले आणि त्याचे करायचे काय, हा विचार मागाहून सुरू झाला.

अन्य देशांचा अनुभवही विचारात घेण्याजोगा आहे. पेरू देशात ग्रामीण शाळांतील मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप देण्यात आले. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात असे दिसले की, मुलांचा संगणकाचा वापर वाढला. परंतु गणित व भाषा या विषयांतील त्यांची प्रगती वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. याउलट दिल्लीत शाळेबाहेरील केंद्रांत झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाला. तेथे साडेचार महिन्यांत मुलांच्या गणितात व हिंदीत लक्षणीय सुधारणा आढळली. तेथील संगणकीय पाठ मुलाच्या इयत्तेवरून न ठरता, त्याला प्रत्यक्षात काय येते यावरून ठरत होता. शिवाय लहान गटांत शिकविणारा माणूसही जोडीला होता. संगणक दोन्हीकडे होता. मूल कोठे अडले आहे याचा शोध मात्र एकाच ठिकाणी घेतला जात होता.

हा शोध म्हणजे काय, हे एका साध्या वजाबाकीवरून स्पष्ट होते. 52 मधून 27 वजा करताना एखादा विद्यार्थी 35 असे उत्तर लिहितो. नुसती बरोबर-चूक तपासणारे यंत्र या उत्तरावर फुली मारते. जाणता शिक्षक मात्र ओळखतो की, एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलाने सातांतून दोन वजा केले. दशकाचे एकक करण्याची कल्पना त्याला उमगलेली नाही. अशा वेळी पडद्यावरील देखण्या चित्रफितीपेक्षा काड्यांचा एक गठ्ठा सोडून दाखविणे अधिक उपयोगी पडते. चंद्राच्या कला किंवा हृदयाचे स्पंदन शिकविताना मात्र हीच चित्रफीत फळ्यावरील आकृतीपेक्षा सरस ठरेल. साधनाची निवड आशयावरून आणि मुलाच्या अडचणीवरून व्हावयास हवी, ती साधनाच्या नवेपणावरून नव्हे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर संकेतांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु त्या उपक्रमाच्या मुळाशी पाठ्यपुस्तकाची भाषा व मुलांच्या घरची भाषा वेगळी असल्याची जाणीव होती, याची चर्चा क्वचितच होते. शिक्षकाने अडचण हेरली आणि मग साधन शोधले. हा क्रम उलटला की वर्गात केवळ प्रदर्शन उरते.

दुसरी बाजू विषमतेची आहे. 'असर' संस्थेने 2023 साली 26 राज्यांतील 28 जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात 14 ते 18 वयाच्या मुलामुलींची पाहणी केली. सुमारे 90 टक्के घरांत स्मार्टफोन होता. तथापि सुमारे 25 टक्के मुलामुलींना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईने वाचता आला नाही. फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे 44 टक्के, तर मुली सुमारे 20 टक्केच होत्या. भ्रमणध्वनीवर गृहपाठ पाठविणाऱ्या शिक्षकाने हे आकडे ध्यानी ठेवले पाहिजेत. भावाचा फोन मोकळा होईपर्यंत थांबणाऱ्या मुलीचा गृहपाठ अपुरा राहिला, तर तो तिचा आळस म्हणता येणार नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी आणखी एक पेच निर्माण केला आहे. उद्दिष्टे, प्रश्न, फलकलेखन यांसह संपूर्ण पाठटाचण क्षणार्धात तयार मिळते. टाचण लिहिणे हा अनेक छात्राध्यापकांना जाच वाटतो, आणि साचेबंद टाचणे उतरवून काढण्याची प्रथा यंत्राच्या आधीपासूनची आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही टाचण लिहिताना, मुले येथे कोठे चुकतील, हा विचार करणे भाग पडते. निदान पडावयास हवे. तो विचार यंत्रावर सोपविणारा छात्राध्यापक उद्या वर्गात 35 हे उत्तर पाहील आणि त्यालाही फक्त फुलीच दिसेल.

दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात 20 आठवडे शाळेतील प्रत्यक्ष अनुभवासाठी ठेवण्याची तरतूद 2014 च्या नियमांनी केली. तेथे पडद्यावर किती सरकचित्रे दाखविली यास गुण देण्याऐवजी, विद्यार्थ्यांच्या वह्यांतील चुका गोळा करून त्यांची कारणे लिहावयास लावावीत. एकच घटक साधनासह आणि साधनाविना शिकवून फरक नोंदवावा. यासाठी नवा खर्च लागत नाही; छात्राध्यापकाची नोंदवही मन लावून वाचणारा मार्गदर्शक मात्र लागतो. अध्यापक महाविद्यालयांतील रिक्त पदे भरण्याचा प्रश्न म्हणूनच यंत्रखरेदीच्या आधी सुटला पाहिजे.