आजार माशाचा, उपचार पाण्याचा

घरात शोभेचे मासे ठेवावेत की नाही, याविषयी आपल्या समाजात एकमत नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ सांगितलेला आहे, हे स्मरून अनेक श्रावक-घरे पिंजरा आणि काचपेटी दोन्ही दूर ठेवतात. तरीही मुलांच्या हट्टामुळे किंवा वाढदिवसाची भेट म्हणून गोल्डफिश घरी येतोच. तो आला की वाद मागे पडतो आणि कर्तव्य पुढे उभे राहते. प्रस्तुत लेख त्या कर्तव्यापुरता आहे.

सांगोल्यातील एका व्यापारी कुटुंबाचा अनुभव प्रातिनिधिक म्हणावा असा आहे. ऐन चैत्रात दोन गोल्डफिश आणि काचेचे गोल भांडे घरी आले. पहिला आठवडा आनंदात गेला. दुसऱ्या आठवड्यात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू-मिटू लागले. पर मिटले, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटले. दुकानातून निळे औषध आणले. तीन दिवसांत ठिपके गेले, म्हणून औषध थांबवले. आठवड्याने ठिपके परतले आणि एक मासा दगावला. घरातील लहान मुलीने विचारले, “आपण त्याला रोज खाऊ घालत होतो ना, मग तो का गेला?”

या प्रश्नाचे उत्तर त्या खाऊतच दडलेले आहे. गोल्डफिशला जठर नसते. त्याला थोडे-थोडे अन्नच पचते. उरलेले अन्न पाण्यात कुजते आणि त्यातून अमोनिया तयार होतो. माशाच्या कल्ल्यांतूनही अमोनियाच बाहेर पडतो. त्याचे रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणू नव्या टाकीत स्थिरावण्यास साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर मासा स्वतःच्याच विषात पोहत असतो. पाण्याचा सामू 7 वरून 8 वर गेला, तर अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट होतो. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी सामू तपासून घ्यावा तो याचसाठी. त्यात उन्हाळा आला की तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. अशा दुबळ्या माशावर परजीवी सहज मात करतो.

पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी कातडीखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो गळून तळाशी जातो, तेथे एकाचे शेकडो होतात आणि नवा मासा शोधत पोहू लागतात. औषध लागू पडते ते याच टप्प्यावर. म्हणून ठिपके दिसेनासे झाल्यावरही किमान आठवडाभर उपचार चालू ठेवावा लागतो.

डाळिंबाच्या व्यापारात असलेल्या वाचकांना हे नवे वाटू नये. तेल्याचे डाग फळावर दिसल्यानंतरची फवारणी उशिराची असते. निरोगी रोप आणि स्वच्छ बाग हाच खरा उपाय, हे आपल्या तालुक्याने मोठी किंमत मोजून जाणले आहे. माशाच्या बाबतीत रोपाच्या जागी नवा मासा आणि बागेच्या जागी पाणी समजावे.

येथे श्रावकापुढे एक कठीण प्रश्न येतो. मासा वाचवायचा, तर औषधाने असंख्य सूक्ष्म जीव मारावे लागतात. औषध न द्यावे, तर डोळ्यांदेखत मासा तडफडतो. या पेचातून निर्दोष वाट नाही. पेच उद्भवूच न देणे, एवढेच आपल्या हाती आहे. यत्नाचार म्हणतात तो हाच.

आपल्या घरांत पाणी गाळण्याचा संस्कार आहे. परंतु अमोनिया आणि क्लोरीन गाळण्याने जात नाहीत. नळाचे पाणी उघड्या भांड्यात 24 तास ठेवून मगच वापरावे. दर आठवड्यास साधारण चौथा हिस्सा पाणी बदलावे. सर्व पाणी एकदम बदलू नये. माशांच्या जोडीस किमान 100 लिटरची टाकी आणि हवेचा पंप हवा. टाकी खिडकीच्या उन्हात नसावी. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. बाजारातील बहुतेक गोळीखाद्यात माशांची भुकटी असते, म्हणून वेष्टनावरील घटक वाचूनच ते घ्यावे.

मासा उलटा तरंगू लागला, तर ते बहुधा पोट बिघडल्याचे लक्षण असते. दोन दिवस लंघन द्यावे, नंतर वाफवून सोललेला मटाराचा दाणा द्यावा. ‘अन्नपाननिरोध’ हा अतिचार आपण जाणतो. पण रुग्णाच्या हितासाठी दिलेले लंघन हा निरोध नव्हे, ती शुश्रूषा होय.

आणखी एक विनंती. आजारी किंवा नकोसा झालेला मासा पुण्यबुद्धीने माण नदीत किंवा तलावात सोडू नये. गोल्डफिश मूळचा चीनमधील. त्याच्यासोबत रोग तेथील स्थानिक माशांपर्यंत जातो, आणि तो जगला तर तळ उकरून पाणी गढूळ करतो. एकास दिलेले अभयदान अनेकांचे भय ठरते. सांभाळणे जमत नसेल, तर मोठी टाकी असलेल्या जाणकाराकडे तो सोपवावा.

नीट राखलेला गोल्डफिश 10 ते 15 वर्षे जगतो. म्हणजे आज सात वर्षांच्या मुलीसाठी आणलेला मासा ती महाविद्यालयात जाईपर्यंत आपल्या भरवशावर राहणार. दुकानात हात पुढे करण्यापूर्वी हा हिशेब मांडावा. व्यापारी घरांना हिशेब शिकवावा लागत नाही.