पुठ्ठ्याचे जग

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शाळांना अलीकडे जग दाखवण्याचा सोस लागला आहे. सोस चांगला आहे. हिवाळ्यातल्या एखाद्या शनिवारी वर्गावर्गाला एकेक देश वाटून दिला जातो आणि दुसरी-तिसरीतली पोरे आईबापांना हाताला धरून ‘आमचा जपान’, ‘आमचा ब्राझील’ दाखवत हिंडतात. आइसक्रीमच्या काड्यांचा आयफेल मनोरा असतो, रंगीत कागदाचे पंखे असतात, आणि कापूस चिकटवलेला पुठ्ठ्याचा इग्लू तर हमखास असतोच. मुलांच्या उत्साहाला नावे ठेवण्याइतका मी करंटा नाही. माझे भांडण त्या पुठ्ठ्याशी आहे, आणि तो त्यांच्या हाती देणाऱ्या आम्हां मोठ्यांशी.

अशाच एका प्रदर्शनात मी इग्लूच्या मालकिणीला, वय वर्षे सात, विचारले, “ह्यात कोण राहतो?”

“एस्किमो.”

“का राहतो?”

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “त्याला थंडी आवडते.”

उत्तर गोड होते. बाईंनी कौतुकाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. पण कात्री-डिंकाच्या एवढ्या खटाटोपातून त्या पोरीच्या पदरात पडले ते इतकेच, की दूर कुठेतरी काही चमत्कारिक माणसे राहतात आणि त्यांना थंडी आवडते! ती माणसे स्वतःला इनुइट म्हणवतात. आज ती आपल्यासारखीच पक्क्या घरांत राहतात. बर्फाचे घर हे त्यांच्यातल्या काहींचे हिवाळी शिकारीच्या मुक्कामाचे घर. वाऱ्याने घट्ट बसलेल्या बर्फाचे चिरे सुरीने कापायचे, ते मळसूत्रासारखे चढत्या फेऱ्यांनी रचत न्यायचे, प्रत्येक चिरा किंचित आत कलता ठेवायचा. आणि मग जो बर्फ बाहेर जीव घेतो तोच आतली ऊब धरून ठेवतो. केवढी ही बुद्धी! मुलांना ओल्या मातीचे चिरे पाडून असा घुमट रचू द्या. पाच वेळा कोसळेल. सहाव्या वेळी उभा राहिला की ‘एस्किमोला थंडी आवडते’ असे कोणी पोर म्हणणार नाही. आणि त्याच दिवशी भामरागडकडच्या एखाद्या मुलाला पुढे बोलावून बांबूच्या कामट्यांचा कूड कसा विणतात, त्यावर माती कशी लिंपतात, हे करून दाखवायला सांगा. त्या दिवसापुरता तो वर्गाचा मास्तर होईल. पुठ्ठ्याच्या इग्लूसमोर तोच मुलगा मुकाट उभा असतो.

दुसऱ्याची संस्कृती म्हणजे दुसऱ्याचा पोशाख, अशी एक समजूत आम्ही मुलांच्या मनात पेरतो आहोत, आणि तिचे पीक फार कडू येते. वेशभूषेच्या स्पर्धेत एखादा गोरागोमटा मुलगा अंगाला काजळ फासून, कमरेला पाने बांधून, हातात लाकडी भाला घेऊन ‘आदिवासी’ म्हणून नाचत येतो. टाळ्या पडतात; बक्षीसही पुष्कळदा त्यालाच. त्याच्या शेजारच्या बाकावर मडावी किंवा आत्राम आडनावाचा मुलगा बसलेला असतो, इस्त्रीच्या गणवेशात. त्याने ह्या तमाशाकडे कोणत्या डोळ्यांनी पाहावे, ह्याचा विचार परीक्षकांच्या मनाला शिवत नाही. किमोनो घातला की जपान आणि पाने बांधली की माडिया! ज्यांनी हे शिकवले त्यांनी हाताने काम करून शिकवले, म्हणून ते नव्या पद्धतीचे शिक्षण ठरत नाही.

मग जग दाखवायचे तरी कशाने? मी म्हणतो, एक कवडी घ्या. ‘फुटकी कवडी’, ‘कवडीमोल’ हे शब्द मुलांच्या कानावरून गेलेले असतात. आजीने कवड्या टाकून सारीपाट खेळवलेला असतो, तुळजाभवानीच्या आराध्याच्या गळ्यातली माळ पाहिलेली असते, गोंडांच्या नाचाच्या साजात कवड्या ओवलेल्या असतात. आता प्रश्न असा, की ही समुद्रातली वस्तू आमच्या सागवानाच्या जंगलात आली कोठून? शतकानुशतके ती मुख्यतः मालदीव बेटांवरून येत असे. तेथले लोक ती गोळा करून बंगालला पाठवीत आणि बदल्यात तांदूळ नेत. बंगालच्या बाजारात ती नाणे म्हणून चाले. पुढे युरोपच्या व्यापाऱ्यांनी ती जहाजे भरभरून पश्चिम आफ्रिकेत नेली, आणि तेथे कवड्या मोजून माणसे विकत घेतली. मूठभर कवड्या मुलांच्या हाती द्या, वर्गातल्या वर्गात बाजार मांडा, तांदळाच्या मापाला किती कवड्या ते त्यांनाच ठरवू द्या. शेवटी माणूस विकत घेण्याची गोष्ट निघाली म्हणजे वर्ग गप्प होईल. होऊ द्या. सात-आठ वर्षांच्या मुलांना अन्याय समजत नाही असे मानणाऱ्याने त्यांना लाडू वाटून पाहावेत!

आणि सारे जग बाहेरूनच आणावे लागते असेही नाही. मुलचेरा-चामोर्शीच्या बाजूला पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती आहेत. सिरोंच्याला घराघरांत तेलुगू बोलतात. राजुरा-जिवतीकडे दिवाळीत गोंडांची दंडार निघते आणि मोरपिसांचा थोरला मुकुट घातलेला घुसाडी नाचतो. तो पाहायला जायचे तर पाहुण्यासारखे, जोहार करून जावे. मुकुटाची कागदी नक्कल करायला नव्हे. ह्याच दिवसांत शाळेच्या ओसरीवर तीन आयांना बोलवा. मराठी आई चिमटीतून रांगोळी सोडील. तेलुगू आई आधी ठिपके मांडील आणि त्यांना वळसे घालीत एकाच रेषेचा मुग्गू फिरवील. बंगाली आई तांदळाच्या पिठाच्या पातळ खळीत बोट बुडवून आल्पना काढील. ओले आणि कोरडे, बोट आणि चिमूट, हा फरक मुलांच्या हाताला कळू द्या. एका मुलीची रेषा तुटेल, दुसरीची खळ ओघळेल, तिसरी म्हणेल की आमच्याकडे तर भिंतीवर काढतात. बाई, तेव्हा फळ्याकडे वळू नका. चौथ्या आईला निरोप धाडा.

हे काही मी नवे सांगत नाही. रोममध्ये १९०७ साली माँटेसरीबाईंनी आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीची महागडी साधने आमच्याकडे शहरांत आली. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ पासून बोर्डीला, आणि १९५७ नंतर कोसबाडला, तीच पद्धत खेड्यातल्या आणि वारल्यांच्या मुलांत नेली, तेव्हा साधने केली शंखशिंपल्यांची, बियांची, गारगोट्यांची आणि पानांची. मुले शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली, गुरे चारायच्या कुरणात गेली. इटलीतल्या एका बाईचा विचार वारल्याच्या अंगणात रुजला, त्याचे कोणी प्रदर्शन भरवले नाही. आमच्या शेजारच्या वर्ध्यातही १९३७ साली हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली गेली. एवढा वारसा घराशेजारी असता आम्ही आइसक्रीमच्या काड्या मोजत बसलो आहोत!

एक सद्गृहस्थ म्हणतील, “आदिवासी पालकांनाच इंग्रजी हवे आहे, तुम्ही त्यांच्या पोरांना कूड विणायला कसले लावता?” इंग्रजी त्यांना हवे आहे हे खरे, आणि ते मिळालेच पाहिजे. जपानही मिळाला पाहिजे. जपानी चहा घुसळायची रवी बांबूच्या एकाच कांडाला बारीक बारीक चिरून करतात. ते कसब आमच्या बुरडाच्या पोराइतके चटकन दुसऱ्या कोणाला उमजणार नाही. ‘तुमचे तेवढे तुम्ही सांभाळा’ असे म्हणून आदिवासी मुलाला जंगलात बांधून ठेवणारे संस्कृतिरक्षक मला पुठ्ठेवाल्यांइतकेच परके आहेत. पण ज्या मुलाला वर्गात स्वतःच्या बोलीत तोंड उघडायची चोरी, त्याला इनुइटांच्या बोलीचे कौतुक सांगणे ही निव्वळ थट्टा आहे.

ती थट्टा येथे कागदोपत्री झालेली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१९ हे आदिवासी भाषांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षी धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने आपल्या मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा काढली. पुढे २०२२ साली शिक्षणखात्याने तिला अनधिकृत ठरवणारी नोटीस दिली. बोट दाखवले ते २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याकडे; आणि शक्य तेथवर मुलाला मातृभाषेतून शिकवावे, हेही त्याच कायद्यात लिहिलेले आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक भरले, तरी आठव्या अनुसूचीत ती भाषा नाही. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि आपले दख्खन एकेकाळी ज्या महाखंडात जोडलेले होते त्याला भूशास्त्रज्ञांनी गोंडवनाचे नाव दिले. ते नाव जगभरच्या शाळांत पाठ होते. मोहगावच्या मुलांच्या पाटीवर मात्र गोंडी अक्षर उमटले की नोटीस येते.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळांना दिवाळीची सुट्टी असेल. शाळा उघडताच पुठ्ठा, डिंक आणि चकाकत्या कागदासाठी वर्गणीच्या चिठ्ठ्या घरी येऊ लागतील. पालकांनी ह्या खेपेस चिठ्ठीच्या पाठीमागे चार ओळी लिहून पाठवाव्यात: वर्गणी देतो, पण त्या पैशातून गावच्या बुरडाला दोन दिवस वर्गात बसवा. आणि त्याला नुसत्या चहावर वाटेस लावू नका. पुरी मजुरी द्या.