शेडची किल्ली



बाईला घरगुती उद्योगासाठी कर्ज द्यायचे ठरले की आपल्या गटांच्या बैठकांत बरीच चर्चा होते. मशीन कोणते, हप्ता किती, माल कुठे खपणार, हे सगळे विचारले जाते. ते मशीन घरात नेमके कुठे बसणार, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. 'घरातच ठेवेल की' म्हणून विषय संपतो. घरात तिला हक्काची जागा आहे असे यामागे गृहीत धरलेले असते, आणि ते गृहीतच तपासायला हवे असे मला वाटते.

गेले काही महिने वाघोलीतल्या बायकांच्या गटाबरोबर माझ्या बैठका चालू आहेत. नगर रस्त्यावरचे हे गाव ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत आले. गावात फिरताना घराला लागून उभारलेले पत्र्याचे शेड जागोजागी दिसते. आत वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, बेंच व्हाइस, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. बाहेर पाटी, पाटीवर मालकाचे नाव. त्याच घरातली बाई शिवण शिवते ती पलंगाच्या कडेला बसून, पापड लाटते ते चुलीपुढची जागा मोकळी झाल्यावर. पाहुणे आले की तिचे काम गुंडाळून कपाटावर जाते. दोघेही घरातच राबतात. पण त्याच्या कामाला जागा असते आणि तिच्या कामाला फक्त सवड.

'बाईला हत्यारे झेपत नाहीत' हे उत्तर निदान वाघोलीत तरी कुणी देऊ नये. इथल्या दगडखाणींत बायकांनी वर्षानुवर्षे हातोडीने खडी फोडली आहे. या खाणकामगारांच्या मुलांसाठी 'संतुलन' संस्थेने १९९७ पासून पाषाणशाळा चालवल्या, त्याही इथूनच सुरू झाल्या. म्हणजे बाईच्या हाती हत्यार होतेच. नव्हती ती हत्याराची आणि जागेची मालकी.

शिक्षणाचाही अडसर म्हणावा तेवढा नाही. नगर रस्त्याने शिक्रापूरला जाऊन डावीकडे वळले की पाबळ लागते. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. 'हाताने करून शिकणे' हे त्यांचे सूत्र. या शिक्षणक्रमात मुलगेमुली असा भेद नाही. मुली वेल्डिंग आणि वायरिंग करतात, मुलगे गृह-आरोग्याचे धडे घेतात. पण कोर्स संपवून सासरी गेलेल्या मुलीला वेल्डिंग मशीन ठेवायला जागा कोण देणार? याचे उत्तर कोणत्याही प्रमाणपत्रात नसते.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचे उदाहरण देते. तिला मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी यांचे रिवाइंडिंग येते. काम भरपूर, पण ते स्वयंपाकघरात करायचे. वाइंडिंगवर लावायचे वॉर्निश आणि थिनर चटकन पेट घेणारे, शेजारी गॅसची शेगडी, जमिनीवर तांब्याच्या तारेचे तुकडे आणि रांगते मूल. म्हणून गटाच्या कर्जातून घरापुढे दहा बाय बाराचे शेड उभे राहिले. पहिल्या पावसाळ्यात नवऱ्याचा टेम्पो 'चार दिवसांसाठी' आत आला. मग टायर आले, ऑइलचे डबे आले. तिचे टेबल आधी कोपऱ्यात गेले, मग पुन्हा स्वयंपाकघरात. हप्ते मात्र तीच भरते आहे. घरात यावरून भांडण झाले नाही, कुणी आवाज चढवला नाही. म्हणूनच मला ही गोष्ट अधिक गंभीर वाटते. बाईची जागा ओरडून हिसकावून घ्यावी लागत नाही. ती आपोआप इतरांची होते.

तेव्हा शेड बांधतानाच ते कुणाच्या कामाचे हे ठरवून बांधले पाहिजे. बांधकामाच्या साध्या बाबींतही हे दिसले पाहिजे. कामाच्या टेबलाची उंची वापरणारीच्या मापाने घ्या: उभे राहून कोपर वाकवायचा; हलक्या जोडणीला टेबल कोपराच्या किंचित खाली, ठोकाठोकीला वीतभर खाली. पुरुषाच्या मापाच्या टेबलावर दिवसभर खांदे उचलून काम केले की मान धरते, आणि मग 'बायकांना हे काम जमत नाही' म्हणायला लोक मोकळे! समोरासमोरच्या दोन भिंतींच्या वरच्या अंगाला जाळीची फट ठेवा, नाहीतर वैशाखात पत्र्याखाली बसवणार नाही आणि वॉर्निशचा वासही कोंडून राहील. कोबा रस्त्यापेक्षा अर्धा फूट उंच घ्या. छपरात एखादा पारदर्शक पत्रा टाकला की दिवसा दिव्याचा खर्च वाचतो. अर्थिंग पक्के हवे आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवलेलाच हवा. ज्वालाग्राही वस्तूंना झाकणाचा पत्र्याचा डबा, दाराशी वाळूची बादली. आणि एक खिडकी रस्त्याच्या बाजूला ठेवा. गिऱ्हाईक घरातून न येता थेट तिच्याकडे आले, तर प्रत्येक गिऱ्हाइकाचा हिशेब तिला सासूसासऱ्यांना द्यावा लागत नाही.

याहून महत्त्वाचे आहेत ते कागद. जागा भाड्याची असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. वाघोलीत आता महापालिकेचे नियम लागू आहेत. परवानगीशिवाय उभे केलेले शेड पाडले गेले तर पत्रे जातात आणि कर्ज राहते. ग्रामपंचायतींसाठी शासनाने २००३ मध्ये 'घर दोघांचे' म्हणून नवरा-बायको दोघांच्या नावे घराची नोंद करण्याचे परिपत्रक काढले होते. आपल्या घराची तशी नोंद झाली होती का, आणि आज मिळकतकराच्या बिलावर कुणाचे नाव आहे, हे प्रत्येकीने पाहावे. हत्यारांची बिले तिच्याच नावाने फाडून घ्यावीत. उद्यम नोंदणी फुकट होते, तीही तिच्याच नावाने करावी. विजेबाबत, राहत्या घराच्या एका भागात उद्योग करणाऱ्यांचा वापर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३६०० युनिटच्या आत असेल तर घरगुती दर लावण्याची तरतूद महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकांत आलेली आहे. चालू दरपत्रक वाचून महावितरणच्या कार्यालयात ती दाखवावी.

'घरातल्या घरात एवढी कागदपत्रे कशाला?' असे बऱ्याच जणी विचारतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने आर्थिक अत्याचारालाही हिंसा मानले आहे. कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी तिच्या कामाच्या ठिकाणी जाण्यास मनाई करू शकतात. कलम १९ खाली तिचे स्त्रीधन आणि तिच्या हक्काच्या इतर वस्तू परत करायला सांगू शकतात. पण अंगणातले शेड हे तिचे कामाचे ठिकाण आहे आणि आतले वाइंडिंग मशीन तिचे आहे, हे कोर्टात दाखवायला पाटी, वही आणि बिलच उपयोगी पडते. घर सोडायची वेळ आली तर अंगावरच्या दागिन्यांइतकीच हत्यारेही तिची असली पाहिजेत. दागिने एकदाच विकता येतात. हत्यारावर रोज कमावता येते.

शासनालाही हा प्रश्न विचारायला हवा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. पण लाभ कुटुंबातल्या एकालाच. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. बुरुडाच्या घरात बांबू दोघे विणतात, कुंभाराच्या घरात माती दोघे मळतात. मग एकच नाव कुणाचे लागणार, हे सांगायला नको. कारागीर म्हणून तिची वेगळी नोंद व्हावी ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

सर्व गटांना माझी एक सूचना आहे. कर्जाच्या अर्जात तीन प्रश्न वाढवा: यंत्र कुठे बसणार? ती जागा कुणाच्या नावावर आहे? किल्ली कुणाकडे राहणार? उत्तरे घरातल्या सर्वांसमोर घ्या आणि खाली त्यांच्या सह्या घ्या. सहा महिन्यांनी गटातल्या दोघींनी जाऊन ती जागा पाहून यावे. वाघोलीच्या गटाने हे सुरू केले आहे, आणि आमच्या त्या मैत्रिणीच्या शेडपासूनच. टेम्पो बाहेर काढण्याबद्दल घरच्यांशी दोन बैठका झाल्या, तिसरी व्हायची आहे. तुमच्याकडे असे प्रसंग कसे हाताळले, ते लिहून कळवा. पुढच्या अंकात ते अनुभव छापू.