दोष माणसाचा की दूरध्वनीचा?

धान्याच्या व्यापारात सौदा आधी तोंडी ठरतो आणि कागद मागाहून होतो. म्हणून दूरध्वनीवरचा आवाज स्पष्ट असणे ही बाब आम्ही केवळ सोयीची मानीत नाही. सचोटीशीही तिचा संबंध आहे.

पेढीतील सर्व फोन एकाच वाटेने बाहेरच्या जाळ्यास जोडणारी डिजिटल ट्रंक आम्ही अंबरपेठेत घेतली, त्यानंतरची ही गोष्ट. लातूरच्या एका जुन्या आडत्यांनी तुरीची 'एकशे साठ' पोती सांगितली. आम्ही 'साठ' ऐकले. माल आला १६० पोती, आणि तोवर भाव उतरला होता. शंभर पोती आमच्या माथी मारली, असा आरोप आम्ही त्यांच्यावर केला. तीस वर्षांचा व्यवहार तुटण्याच्या बेतास आला. तपासाअंती दोष निघाला तो आमच्याच पेढीत.

इंटरनेटवरील ट्रंकेत आवाज अखंड जात नाही. बहुधा २० मिलिसेकंदांचा एक, असे सेकंदाला ५० तुकडे जातात. अर्धा सेकंद तुकडे हरवले की 'एकशे' हा शब्दच गळतो, आणि ऐकणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही. आमच्या गोदामातील कॅमेऱ्यांचे चित्रण त्याच जोडणीवरून बाहेर जात होते. राउटरमध्ये आवाजास अग्रक्रम देताच शब्द तुटणे थांबले.

यास्तव कोणासही बोल लावण्यापूर्वी दोषाची जात ओळखावी, असे आमचे मत आहे. घंटा वाजते पण एकाच बाजूस ऐकू येते, तर प्रथम राउटर व फायरवॉल पाहावेत. कारण घंटेचा संकेत आणि आवाज यांची ये-जा निराळी असते. आपलाच शब्द परत ऐकू आला, तर दोष बहुधा समोरच्या टोकास असतो. ३० वाहिन्यांच्या पीआरआय जोडणीवर मधूनमधून टकटक होत असेल, तर दोन्ही टोकांच्या यंत्रांचे कालमान जुळते की नाही, हे तपासून घ्यावे. पेढीतल्या पेढीत एका फोनवरून दुसऱ्यावर बोलून पाहावे. तेथे आवाज स्वच्छ असेल, तर शोध बाहेरच्या जोडणीकडे वळवावा. वेळ, क्रमांक आणि कोणास काय ऐकू आले, हे वहीत टिपावे. 'फोन बिघडला' एवढ्याच तक्रारीवरून कारागीर तरी काय शोधणार?

यंत्र दुरुस्त झाले तरी आपली जबाबदारी संपत नाही. संख्या ऐकताच 'एक, सहा, शून्य' अशी सुटी करून परत म्हणावी आणि त्याच दिवशी लेखी कळवावी. आपल्या धर्माने भाषासमिती सांगितली, ती बोलण्यापुरती. ऐकण्यातही तितकाच विवेक हवा, हे आम्ही उशिरा शिकलो.

त्या वर्षी संवत्सरीस आम्ही फोन केला नाही. समक्ष लातूरला जाऊन त्या आडत्यांस 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले. व्यवहार आजही चालू आहे.