मुलांच्या हाती काय द्यावयाचे?

नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बांशी या गावाने ठराव केला की, अठरा वर्षांखालील मुलामुलींनी मोबाईल वापरू नये. वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली, काहीशी कौतुकाने, काहीशी गंमत म्हणून, आणि विषय मागे पडला. आमच्या मते तो मागे पडता कामा नये. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा हे यंत्र शिक्षणाच्या नावाने मुलांच्या हाती दिले गेले. वऱ्हाडातील कित्येक मजूर आईबापांनी त्यासाठी उसनवारी केली. शाळा पुन्हा उघडल्या, यंत्र मात्र हातातच राहिले. ज्यांनी ते दिले त्यांनीच आता मुलांना दोष द्यावा, हा न्याय नव्हे.

त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. तो वाजला की दीड तास गावातील दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंद. आम्हाला हा मार्ग अधिक पटतो, कारण तेथे थोरांनीही आपले यंत्र खाली ठेवले. बाप ओसरीवर मोबाईलमध्ये डोके घालून बसला असता मुलाला उपदेश करण्याचा अधिकार त्याला कोठून येणार? (आपल्या कार्यकर्त्यांच्या घरांतील चित्र याहून वेगळे आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही.)

अमरावती-अकोल्याच्या सुखवस्तू वस्त्यांतून दुसराही एक प्रकार दिसतो. वेळ देता येत नाही म्हणून खेळणे द्यावयाचे, ते दोन दिवसांत कंटाळवाणे झाले की तिसरे आणावयाचे. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैलसुद्धा आता बापाची ऐपत दाखविण्याचे साधन होऊ लागला आहे. एके काळी ज्वारीच्या धांड्याची गाडी मुले स्वतः करीत. मोडली तर दुसरी करीत. आता ज्वारीच्या शेतात सोयाबीन आले, आणि सोयाबीनच्या काडाची गाडी होत नाही!

थोडक्या साधनांत मूल वाढविणे म्हणजे दारिद्र्याचे गोडवे गाणे, असा आक्षेप येईल. त्यांना ताराबाई मोडकांचे उदाहरण द्यावेसे वाटते. विवाहानंतर काही वर्षे त्या अमरावतीस होत्या. पुढे गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला, आणि १९४५ पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचे काम उभारले. माँटेसरीची साधने महाग होती, खेड्याला ती परवडणारी नव्हती. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शंखशिंपले, बिया, पाने, खडे घेऊन साधने तयार केली, आणि मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात नेली. तेथे वस्तू थोड्या होत्या, पण मुलाजवळ बसणारे एक मोठे माणूस होते. आज उणीव आहे ती नेमकी त्या माणसाची.

ही उणीव मजुराच्या घरी सर्वांत तीव्र आहे. कापसाच्या वेचणीला गेलेली बाई संध्याकाळपर्यंत परतत नाही. अंगणवाडी दुपारी मिटते. मधल्या तासांत लहानग्याला थोरल्या बहिणीच्या आणि मोबाईलच्या स्वाधीन करण्यावाचून तिच्यापुढे मार्ग कोणता? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की, दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसात एक तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये, आणि एक वर्षाच्या आतील मुलाने मुळीच बसू नये. सल्ला योग्य आहे, पण तो ऐकण्यासाठी त्या बाईजवळ उसंत हवी. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असतील तर त्यांना सांभाळण्यास एका बाईची नेमणूक करावी, अशी तरतूद करण्यात आली होती. खाजगी शेतावरील वेचणीला तेवढाही आधार कधी मिळाला नाही. शेतमजूर संघटनांच्या मागण्यांत मजुरीच्या दराखालोखाल पाळणाघराची मागणी यावयास हवी. ती क्वचितच येते, आणि याचा दोष आपलाही आहे.

आणि मैदाने? अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक केले. ज्या खेळाला चेंडूसुद्धा लागत नाही, तो या मातीने तेथवर नेला. त्याला लागते फक्त मोकळी जमीन. शहरात नेमकी तीच भूखंड म्हणून विकली जाते. अकोल्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा मूल दुपारी घरातच राहणार, हे मान्य. म्हणून तर त्याची संध्याकाळ वाचविली पाहिजे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान आवश्यक ठरविले आहे. पुष्कळ ठिकाणी शाळा सुटताच त्याला कुलूप लागते. ते सायंकाळी दोन तास उघडे ठेवावे आणि तेथे गावातील दोन तरुणांनी आळीपाळीने उभे राहावे, एवढा ठराव येत्या ग्रामसभेत मांडण्यास आपल्या शाखांना वरिष्ठांच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.